आधी पेटीत, मग दुसरं

तीर्थरूप काका यांना,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुमचा उजवा खांदा आता वर जातो का? (नसला जात तरी तुम्ही ‘जातो’ म्हणणार, म्हणून काकूंनाच विचारते.) पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरांनाही नमस्कार, त्यांनी कृपया कंसातलंही वाचावं.

ग्रंथालयातल्या नोकरीबद्दल मागच्या पत्रात ‘सगळं ठीक’ लिहिलं होतं. ते खोटं होतं. काम तसं साधं. पुस्तकाची चार ओळींची ओळख कॉम्प्युटरच्या एडिटरमध्ये लिहायची, ती कॉपी करायची आणि यादीत पेस्ट करायची. बाकीच्यांचं पेस्ट होई. माझं काही उमटतच नसे. मग मी सगळं पुन्हा हाताने टाईप करायची. इतरांच्या दिवसाला चाळीस नोंदी, माझ्या नऊ. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “शनिवारपर्यंत दोनशे झाल्या तर कायम, नाहीतर तुमचं आमचं जमायचं नाही.” घराण्यात शाळा शिकलेली मी पहिली, परत आले असते तर काकू म्हणाल्या असत्या, एवढं शिकून काय केलंस? (म्हणाल्या नसत्या. पण मला ऐकू आलं असतं.) त्यामुळे विचारायचीही लाज.

मी की-बोर्ड बदलला, हात धुऊन बसले, बटणं हळू दाबली, जोरात दाबली. एकतीस प्रयोग वहीत लिहिले. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याला सगळे ‘पसारे’ म्हणतात. टेबलावर तीन कप, कानामागे स्क्रूड्रायव्हर आणि पडद्यावर चौदा खिडक्या उघड्या. तो माझ्या खुर्चीत बसला की पेस्ट होई. मी बसले की नाही! तो म्हणाला, “ताई, मशीनला तुमचं वावडं दिसतंय.” मग त्याने मला पहिल्यापासून करायला लावलं आणि मध्येच ओरडला, “अहो, एडिटर बंद का केलात?”

“काम झालं म्हणून.”

“झालं कुठे? या मशीनवर कॉपी केलेलं एडिटरच्याच हातात असतं. देणाऱ्याला घरी घालवता आणि मग हात पसरता!”

काका, तुमच्या सुतारशाळेतला नियम मला आठवला: एक हत्यार पेटीत गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दादाने बारकी पटाशी हरवली, तुम्ही त्याचा कान पिळलात आणि त्याच दिवशी हा नियम निघाला. एकतीसही प्रयोगांत मी तो पाळला होता. एडिटर बंद केला तरी मजकूर धरून ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅमही पसाऱ्यांनी बसवून दिला. (तरी मी आता पेस्ट झाल्यावरच बंद करते.) शनिवारी दुपारी दोनशे सहा नोंदी भरल्या. बाईंनी सही केली आणि म्हणाल्या, “टापटीप जरा कमी करा.”

काकूंना नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. : वर सगळा दोष तुमच्या नियमावर ढकलला गेला, ते बरं दिसत नाही.

पुन्हा ता. क. : मास्तर, दादा समोर बसला असेल तर इथेच थांबा.

नाही, थांबू नका. जरा मोठ्यानेच वाचा. काका, ती पटाशी मी हरवली. चिखल खरवडायला ओढ्यावर नेली होती. दादाने मला पाहिलं होतं, तरी कान पुढे केला. तो हसला की रागावला, तेवढं मास्तरांकडून उलट टपाली कळवा. तोवर मी जेवणार नाही. (थोडं जेवेन.)