पॅकीनं टाकलेला शब्द

प्रिय अट्रॅक्टा,

कालच्या शेकोटीचा वास अजून माझ्या कोटाला आहे, आणि खरं सांगायचं तर तो जाऊ नये असंच वाटतंय. किलद्रीनच्या चौकात एवढी माणसं मी फक्त फुटबॉलचा जिल्हा चषक आला तेव्हा पाहिली होती. तू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून बोलत होतीस, अर्धे शब्द वारा दलदलीकडे पळवत होता, तरी टाळ्या पडायच्या तिथे बरोबर पडत होत्या. आपल्या घरातली मुलगी मंत्री! मी हे मोठ्यानं म्हणून पाहिलं. गायींनाही सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे मनावर घेतलं नाही.

एक गंमत तुला ठाऊक नाही. कालची शेकोटी दुसरी होती. पहिली तुझ्या प्रचारातल्या पॅकी गिल्डेनं बुधवारी दुपारीच पेटवली होती. रेडिओवर कुणीतरी म्हणालं, अट्रॅक्टा मुलडूनला बहुतेक शेतीखातं मिळेल. झालं, पॅकीनं लाकडी फळ्यांच्या ढिगावर डिझेल ओतलं. जाळ छपराएवढा झाला आणि मग खरी बातमी आली. विद्यापीठं आणि पुढचं शिक्षण! म्हातारी नोरा कोस्टेलो म्हणाली, "म्हणजे गायी नाहीत तिच्याकडे?" पॅकी म्हणाला, "नाहीत." "रस्ते?" "तेही नाहीत." "मग आता या जाळाचं काय करायचं?" कुणीतरी मागून ओरडलं, "बटाटे भाजा!" आणि खरंच भाजले गं. पोटभर खाल्ले.

दुकानात दोन दिवस हाच विषय. विद्यापीठांच्या मंत्र्यानं करायचं तरी काय? ती तर आपली आपण चालतातच की, असं कसायाचं म्हणणं. नोराबाईंना वाटतं तू आता झगा घालून पदव्या वाटणार. मी सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला गेलो, एक मेणबत्ती लावली आणि तुझ्यासाठी शहाणपण मागितलं. गुडघे टेकून बसलो असताना मनात आलं, रस्ता हवा की नको हे माणसाला खड्ड्यात पडल्यावर कळतं. शिक्षणाचं तसं नाही. आपल्याला काय मिळालेलं नाही, हे ते मिळेपर्यंत समजतच नाही. तुझं खातं सगळ्यांत अवघड आहे ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

तू हसशील, हा कधीपासून असं बोलायला लागला म्हणून. तर ऐक. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी गावातल्या कॉलेजात जातो ते वेल्डिंग शिकायला, असं तू समजतेस. सगळेच समजतात, पॅकीनं पहिल्याच आठवड्यात तसं पसरवलं आणि मी ते खोडून काढलं नाही. मी आजवर एक खिळासुद्धा वेल्ड केलेला नाही! मी वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला जातो. फिडेल्मा रॅटिगन नावाच्या बाई शिकवतात. एकदा त्यांनी आपल्याच दलदलीतलं शेवाळ काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. "बघा मॅलकी, आयुष्यभर यावरून बूट घालून चाललात." अट्रॅक्टा, आत खोल्या होत्या. पाण्यानं भरलेल्या, हिरव्या, ओळीनं लागलेल्या, कुणीतरी मन लावून बांधल्यासारख्या. मी भिंगावरून डोळा हलवलाच नाही. बाई म्हणाल्या, "डोळा दुखतोय का?" मी म्हटलं, "नाही हो, तुम्ही जरा थांबा." प्रार्थनेत क्वचित कधी जे होतं, ते मला त्या ट्यूबलाइटखाली झालं.

त्यानंतर बाईंनी माझा पिच्छाच पुरवला. अर्ज करा, वसंतात मुलाखत द्या. दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेला मी, तीन प्राध्यापकांसमोर टोपी हातात घेऊन बसलो. शेवाळ पाणी कसं धरून ठेवतं विचारलं, आणि मी सुटलोच. त्यातले एक मधेच हसले, पण आनंदानं. या सोमवारी त्यांचा फोन आला. विद्यापीठात जागा, कॉलेजातला वर्ग धरून थेट दुसऱ्या वर्षाला! तेव्हा तुझं नाव कुठल्याच खात्यासाठी कुणी घेतलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि दलदलीच्या कडेनं अंधार पडेपर्यंत चालत राहिलो. तुला शेकोटीपाशी सांगायचं ठरवलं होतं.

पण तोवर फिडेल्माबाईंना राहवलं नाही. कसायाच्या दुकानात त्या म्हणून गेल्या, आमचा मॅलकी विद्यापीठात चाललाय. पॅकी मागेच उभा. आता पॅकीची रीत तुझ्याइतकी कुणाला माहीत? कुणाचं पेन्शन यायचं असो, कुणाला हॉस्पिटलात खाट मिळायची असो, हा आदल्या दिवशी जाऊन सांगणार, "काळजी नको, मी शब्द टाकलाय." वस्तू येणारच असते, ती येते, आणि मत तुझ्या पेटीत पडतं. मनानं वाईट नाही तो. पावसात दारोदार तुझ्यासाठी हिंडलाय.

काल सकाळी तो चर्चला घालायचा रविवारचा सूट घालून विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत गेला. म्हणाला, मी मंत्रीणबाईंकडून आलोय, मॅलकी त्यांचा सख्खा भाऊ आहे, त्याच्या जागेचं तेवढं बघा. आणि काल संध्याकाळी, तू ट्रॉलीवर बोलत असताना, माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "मॅलकी, काम झालं समज. शब्द टाकलाय."

मी म्हटलं, "पॅकी, गाढवा, ती जागा मला सोमवारीच मिळालीये!"

त्यानं मला मिठी मारली. "बघ! माझा शब्द किती लवकर पोचला!"

लोक टाळ्या वाजवत होते. तू माझ्याकडे बघून हात हलवलास. मीही हलवला. त्या वेळी तुला काय सांगणार होतो?

आज सकाळी फिडेल्माबाईंकडून प्रवेश कचेरीतल्या बाईंचा घरचा नंबर मिळवला आणि त्यांना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "निर्णय सोमवारचा आहे. तुमच्या त्या गृहस्थांना आम्ही चहा दिला आणि परत पाठवलं. पण ते आले होते, ही नोंद मला करावीच लागली." बरोबरच केलं त्यांनी. म्हणजे आता ही गोष्ट आज ना उद्या वर्तमानपत्रात जाणार: मंत्री होऊन आठवडा नाही झाला आणि भावासाठी वशिला. ती तुला माझ्याकडून कळावी म्हणून लिहितोय. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस. फिडेल्माबाईंचा नवरा उद्या मॅचसाठी डब्लिनला येतोय, तो हे तुझ्या हातात देईल. येत्या सोमवारी तूच आधी सगळं जाहीर सांगून टाक: माझं नाव, पॅकीचं नाव, कोणत्या दिवशी काय झालं ते. पॅकीला मी सांगितलंय. तो रडला, पण कबूल झाला. तुझी माणसं तुला म्हणतील, भावाला वर्षभर थांबायला सांगा, तेवढ्यानं मिटेल. आई-बाबांच्या मागे गोठा माझ्याकडे आला आणि पुस्तकं तुझ्याकडे गेली, तेव्हा मी आनंदानं मागे राहिलो, आणि अजूनही त्याचं मला वाईट वाटत नाही. आजही तसंच करावं म्हणून चर्चमध्ये बराच वेळ बसलो. परवानगी मागत होतो, थांबण्याची. ती काही मिळाली नाही. उलट शेवाळातल्या त्या खोल्या आठवल्या आणि मी चर्चमध्ये एकटाच हसलो. तू रागावलीस तर रागाव, तुझा हक्क आहे. पण सप्टेंबरात मी जाणार आहे, अट्रॅक्टा. तू मंत्री राहिलीस तरी, आणि नाही राहिलीस तरी.

तुझाच,
मॅलकी