सात महिने उभी गाडी

१४ डिसेंबर, रविवार

अल्लीपूरहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन. हुरडा आला, पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी दोघंही या म्हणे. बसनं येऊ म्हटलं तर हे पेपरमधून मान वर न करता, "तू जाऊन ये. मले नाई यायचं." बसमध्ये चढताना कोणी हात धरला की यांचा चेहरा पडतो. काचबिंदू झाल्यापासून बाजूचं दिसत नाही, समोरचं दिसतं.

म्हणून गाडी. मेपासून पोर्चमध्ये उभी आहे. माझं लायसन्स कपाटातून काढलं, अजून चालू आहे. फोटोतली मी किती बारीक. क्लास लावून शिकले होते, मग दर वेळी हेच चालवायचे.

रिमोट दाबला, काही नाही. चावीनं दार उघडलं. आत उंदरांचा वास. चावी फिरवली तर दिवा मिणमिणला आणि कट-कट-कट. इंजिन हललंही नाही.

व्हरांड्यातून आवाज, "बॅटरी गेली."

एवढंच. उठले नाहीत.

१५ डिसें., सोम.

शेजारच्या दीपाताईंनी त्यांची गाडी फाटकातून आत आणून आमच्या गाडीसमोर लावली. त्यांच्याकडे बॅटरीला बॅटरी जोडायची केबल होती. लाल कुठं, काळी कुठं, दोघींनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून लावल्या. शेवटचा काळा चिमटा इंजिनच्या पत्र्याला. दीपाताई म्हणाल्या, "मॅडम, ठिणगी उडाली तर मी पळून जाईन हं."

ठिणगी नाही उडाली. इंजिन जोरात फिरायला लागलं, घर्र घर्र, पण धरेना. पाच वेळा केलं. सहाव्यांदा चावी फिरवणार तर हे, "बस कर. स्टार्टर जळते." आणि आत निघून गेले. पंखा लावला. डिसेंबरात.

दीपाताई केबल ठेवून गेल्या.

१६, मंगळ.

सकाळी चहाच्या वेळी यांनी आपणहून विचारलं, "चावी अर्धी फिरवली का मांगच्या सीटखालून घूं आवाज येते का?"

लक्ष नव्हतं दिलं. दीपाताईंनी परत गाडी आणली, बॅटरीला केबल लावून पाहिलं. आवाज नाही.

तेव्हा पायरी उतरून आले. सात महिन्यांत पहिल्यांदा गाडीजवळ. दाराच्या कडेला हात लावत मागच्या सीटवर बसले, कान गादीला टेकवला. "फिरव. … पुन्हा फिरव. … पंप नाई बोलून राह्यला. पेट्रोल पुढं जातच नाई तं सुरू कुठून होईन?"

मग भिंग मागितलं. फ्यूज एकेक काढून उन्हात धरून पाहिले, सगळे चांगले. "आता वायर पाहा. तूच पाहा, मले तिथलं नाई दिसत." बोनेटखाली मी टॉर्च घेऊन वाकले. एअर फिल्टरच्या डब्यामागे घरटं. हरभऱ्याची टरफलं आणि कापूस. कापूस आमच्याच जुन्या गादीतला, माळ्यावरच्या. तिथंच एक वायर कुरतडलेली, तांबं उघडं.

मी सांगितलं तर हसले. "गादी माळ्यावर ठेवू नको म्हटलं होतं तुले." खूप दिवसांनी मला चुकीचं ठरवून खूश झाले. मीही होऊ दिलं.

१८, गुरु.

दिवाकर मिस्त्री आला. यांचा जुना माणूस, दहा वर्षांपासून गाडी त्याच्याच हातची. वायर जोडली, वरून नळी चढवली. घरटं काढलं, आत पिलं नव्हती, बरं झालं. ताजं पेट्रोल टाकलं. त्यानं सोबत आणलेली बॅटरी बसवली. आपली चार्ज करूनही टिकणार नाही म्हणे.

"बसा काकू, तुम्हीच फिरवा."

अर्धी चावी. मागून घूं. यांनी व्हरांड्यातून बोट वर केलं. पूर्ण फिरवली, दोनदा अडखळली आणि झाली सुरू. पांढरा धूर, मग आवाज बसला.

हँडब्रेक खाली केला, पहिला गिअर टाकला. क्लच सोडला. गाडी मागून बसल्यासारखी झाली आणि बंद पडली. पुन्हा तेच. मिस्त्री खाली वाकून म्हणाला, "मांगचं चाक धरलं. हँडब्रेक ओढून उभी होती, आतून गंजली. उद्या नाई, परवा येतो." आणि यांच्याकडे वळून, "काका, तुम्हीच तं मले सांगता, जास्त दिवस उभी ठेवायची तं हँडब्रेक लावायचा नाई, गिअरमध्ये ठेवायची. मंग हे काऊन?"

हे पेपर उचलून आत गेले.

संध्याकाळी मी दिवा लावून बाहेर आले तर हे स्वतःच सांगायला लागले. मेमधला तो दिवस. घरी येताना फाटकाच्या खांबाला गाडी घासली, एवढंच मला माहीत होतं. त्याआधीचं नव्हतं. हिंगणघाटहून येताना डाव्या बाजूला सायकलवाला होता, यांना दिसलाच नाही. आरसा लागला. तो नालीत पडला.

"उठला. कपडे झाडले. मले हात केला, जा काका म्हणे. आन् मी गेलो. खाली उतरून पाह्यलं बी नाई त्याले."

मी म्हटलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगू? घरी आलो, हँडब्रेक ओढला दोन्ही हातानं. जागची हलूच नको म्हटलं. हलली तं मी पुन्हा बसीन तिच्यात."

उठून मुगाची खिचडी टाकली. दोनदा वाढून घेतली त्यांनी.

२०, शनि.

मिस्त्रीनं चाक काढलं, ब्रेकच्या ड्रमवर हातोडीनं ठोकत ठोकत मोकळं केलं. लाल गंज फरशीवर पडला. अंगणात चार फूट पुढे, चार फूट मागे. तुळशीच्या कुंडीला लागता लागता राहिली.

२१, रवि.

सिंदी मेघेच्या मागच्या, अजून घरं न झालेल्या लेआउटमध्ये सराव. हे शेजारच्या सीटवर. समोरचं त्यांना दिसतं, इंजिन ऐकू येतं. "गिअर बदल… ऐक तिले, ओरडून राह्यली ती." न बघता कळतं त्यांना. मला काटा बघूनही नाही कळत. सात-आठदा बंद पडली. एका वासरापुढे पाच मिनिटं थांबलो, हॉर्न द्यायला मला संकोच.

डावीकडे वळायच्या आधी त्यांनी स्वतःच म्हटलं, "डावीकडचं तू पाह्यजो. माह्यावर नको राहू."

२८, रवि.

गेलो. अल्लीपूरला. मी चालवत.

रस्त्यात एका सायकलवाल्याच्या मागे बराच वेळ हळू चालवली, मागचे हॉर्न देत होते. हे म्हणाले, "देऊ दे." एवढंच.

अक्का फाटकात उभी, गाडीतून मी चालकाच्या बाजूनं उतरले तर तिनं आधी यांच्याकडे पाहिलं, काही झालं का म्हणून. हे म्हणाले, "ड्रायव्हर ठेवली." शेतात गोवऱ्यांच्या आरात कणसं, तळहातावर चोळलेला गरम हुरडा, जवसाची चटणी. यांनी मेहुण्यांना उंदराच्या घरट्याची गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा कापूस दोन किलो झाला होता.

ऊन असतानाच परतलो. अंधारात मला नाही जमणार अजून.

३० डिसें., मंगळ.

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख मिळाली, नऊ जानेवारी. बाजूचं किती उरलं ते मोजणार आहेत. मी म्हटलं, मुलगा पुण्याहून येतो म्हणाला, नाहीतर रेल्वेनं जाऊ.

यांनी एका हाताची नखं कापली. मग, "तू नेतं का?"

नागपूर. मोठा हायवे, ट्रक, आणि शहरातली ती गर्दी. चौथ्या गिअरच्या वर मी अजून गेलेले नाही. मुलाला ये म्हणून फोन करायचा होता, तो केला नाही.

संध्याकाळी गाडी काढून पेट्रोल पंपावर चाकांची हवा तपासून आले. एकटी.