आपल्या बारातलं एक मत

सोम. १०
निवडणुकीच्या निकालाला आठ दिवस झाले. पुरानी बस्तीतली आमची हक्काची जागाही गेली. आज जिल्हाध्यक्षांचा राजीनामा. आता नवा कोण? मनोहर भैया सकाळपासून खुशीत. "वसंता, आता आपलाच नंबर हाय. तू काहून तोंड पाडून राहिला बे?" वीस वर्षं त्यांच्या स्कूटरवर मागे बसून पक्ष पाहिला मी. या खेपेला प्रचाराला तीन दिवस फिरले ते. बाकी सगळं शंकर नगरच्या हापिसात बसून. हे कुणाला सांगू?

मंगळ. ११
नवा जिल्हाध्यक्ष ठरवायला पक्षाचे निरीक्षक गुरुवारी येणार. पद्धत तीच. एकेकाला आत बोलावणार, दार बंद, एकच नाव विचारणार. दुसरं नाव बीरगांवच्या ललिता दीदींचं. बाई हरली, पण निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून पारा-पारा, वस्ती-वस्ती फिरतेय. कारखान्याच्या गेटवर लोकांच्या शिव्या खाते नि पुन्हा जाते. भैया हसतात तिला. मला हसू येईना.

बुध. १२
रात्री जेवायला बसलो. बायकोला, सुषमाला सांगून टाकलं, मन दीदींकडे जातंय. ती ताट उचलता उचलता थांबली. "आपली पोट्टी दवाखान्यात होती तं भैयानं रक्त देल्लं. इसरले का?"
विसरलो नाही. तेच तर.

गुरु. १३
निरीक्षकांनी मान वर केली नाही. "नाम?" पाणी प्यालो. म्हणालो, "ललिता दीदी." लिहिलं त्यांनी. झालं. उठलो. खरं सांगतो, बरं वाटलं.
बाहेर भैयांनी खांद्यावर हात टाकला. "घेतलं न माझं नाव?"
"हव."
जीभ झडायला हवी होती.

शनि. १५
वरून निर्णय नाही. पण आतली बातमी फुटली. भैया दुपारी फोनवर, आवाज बसलेला. "तू धरून आपले बारा जण आत गेल्ते. अकरानंच माझं नाव घेतलं. कोन हाय तो, तू शोध. बाराही जणांची यादी कर, संध्याकाळी येतो. आता तुह्याशिवाय कोनावर भरोसा नाही राहिला."
यादी घेऊन बसलोय. अकरा नावं झाली. प्रत्येकापुढे लिहिलं, हा नाही. बारावं लिहायचं राहिलंय.
सुषमानं चहाचं आधण ठेवलं. विचारतेय, भैयांना साखर कमी ना?
खाली स्कूटर थांबली.