तुकडा कुणाचा, चूक कुणाची

प्रिय ठेंगू,

आता माझ्यापेक्षा हातभर उंच झालास, तरी मला तेच नाव सुचतं. फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून पत्र. मावशीकडे राहतोस म्हणून पत्ता तरी माहीत आहे, नाहीतर कुठे शोधलं असतं तुला? घरी यायचं म्हटलं की विषय बदलतोस, असं मावशी सांगते.

बाबा बरे आहेत, म्हणजे कुरकुर करण्याइतके बरे आहेत. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं, पण बोटं अजून मिटत नाहीत. डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात. पाट्या रंगवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला 'बघू' कसं ऐकू येत असेल, ते तुला सांगायला नको. वर्कशॉपच्या छपरावर अजून ताडपत्रीच आहे.

रॉकेटचा तो तुकडा सरकारी लोक येऊन घेऊन गेले. छप्पर आपलं फुटलं, हात बाबांचा गेला, पण तुकडा मात्र ज्यांनी वर पाठवला त्यांच्याच मालकीचा. कायदाच तसा आहे म्हणे. शेजारचा शिंपी म्हणाला, इतके दिवस सांभाळल्याचं भाडं तरी मागायचं. आई खूप दिवसांनी हसली.

भरपाईचं विचारशील तर माझं डोकं पार चक्रावून गेलंय. विमावाले म्हणतात, आभाळातून पडलं म्हणजे दैवी आपत्ती. आपल्या वकीलबाई म्हणतात, दैव रॉकेटं कधीपासून सोडायला लागलं? पण पुढे त्याही मला गोंधळात टाकतात. रॉकेट सोडलं एका देशाने, दुसऱ्याच्या जमिनीवरून, तिसऱ्याचं सामान घेऊन. तिघांपैकी कुणाकडेही मागता येतं, पण आपण नाही मागायचं. आपल्या सरकारने त्यांच्या सरकारकडे मागायचं. म्हणजे बाबांच्या चार बोटांसाठी दोन सरकारं एकमेकांना अर्ज-विनंत्या करणार. मध्येच एक साहेब विचारून गेले, हाताला तुकडा लागला की छपराची तुळई? मी खरं ते सांगितलं, तुळई. तर त्यांनी असं तोंड केलं, जशी काही ती तुळई आपणहूनच कंटाळून पडली. मी चुकीचं बोलले का रे? मला खरंच कळत नाही.

आणि सगळे एकच विचारतात, ऐन जेवणाच्या वेळी बाबा वर्कशॉपमध्ये कसे? मी म्हणते, काम होतं. तू त्यांना भरल्या ताटावरून उठवून नेलंस आणि शिडी आणायला बाहेर गेलास तेवढ्यात छप्पर खाली आलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू मनात काय धरून बसलायस ते मला ठाऊक आहे. मला तुझा राग येतो, पण बाबांना बोलावलंस म्हणून नाही, निघून गेलास म्हणून.

काल वकीलबाई घरी आल्या होत्या. बाबांनी विचारलं, चूक कुणाची हे कसं ठरवणार? त्या म्हणाल्या, ठरवावंच लागत नाही. वर अंतराळात दोन यानं आपटली तर चूक शोधतात. जमिनीवरच्या माणसाला लागलं, तर चूक असो वा नसो, पाठवणाऱ्याने भरून द्यायचं. बाबांनी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. वकीलबाईंना वाटलं, यांना ऐकू कमी येतं. त्या गेल्यावर बाबांनी डाव्या हातात पेन धरून तुला लिहायला घेतलं. तुझं नावसुद्धा धड उमटेना. मग पेन माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, त्याला हा कायदा नीट समजावून लिही. मी म्हटलं, मलाच कुठे समजलाय? आणखी काय लिहू? मग म्हणाले, त्या दिवशी तो पहिल्यांदा एकट्याने रंगवलेली पाटी दाखवायला मला घेऊन गेला होता, पाटी चांगली झाली होती, तेवढं सांगायचं राहून गेलं.

तुझीच,
ताई