आतला खिसा

प्रिय बयो,

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या लेकीला आईने पत्र लिहावं म्हणजे हसण्याचीच गोष्ट. हस हवं तर. पण समोर बसले की तू चहा पुढे करतेस आणि माझं बोलणं राहून जातं. म्हणून जुन्या बिलांचे पाठकोरे कागद घेऊन बसले आहे.

आपलं शिवणाचं दुकान विकून आता वर्ष होत आलं. करार तूच मोठ्याने वाचून दाखवला होतास. अर्धे पैसे ताबा देताना, उरलेले वर्ष भरल्यावर, तेही जुनी गिऱ्हाइकं टिकली तर. आणि तोवर तुझ्या बाबांनी बाहेर कोणाचंही शिवण घ्यायचं नाही. आता कात्रीला हात लावला तर नाव बदलीन, असं बाबा म्हणाले आणि आपण तिघंही हसलो होतो.

आता तो गॉगलवाला (दुकान घेतलं, पण डोक्यावरचा गॉगल काही अजून खाली उतरला नाही) म्हणतो, काकू, तुमची कोटवाली गिऱ्हाइकं फिरकतच नाहीत, पैसे कशाचे देऊ? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा बिलं लपवतोय, दुसरं काय! भाजीच्या निमित्ताने निघून मी समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहायला लागले. औषधवाला म्हणाला, काकू, रोज नेमकं काय हवंय तुम्हाला? शेवटी लाजेकाजेस्तव खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. तो खर्चही गॉगलवाल्याच्या नावावर मांडून ठेवला आहे. देवापुढे डोळे मिटले तरी आधी त्याचाच चेहरा दिसायचा. देव मला क्षमा करो.

त्या पैशांवर आमचं म्हातारपण आहे, बयो. मुलांपुढे हात पसरायचा नाही, हे आमचं ठरलेलं. म्हणून वकीलमामाकडून नोटीस लिहून घेतली की गिऱ्हाइकं तुटली हे साफ खोटं आहे, मुकाट्याने पैसे टाका. बाबांनी सही केली. एरवी विजेचं बिल भरलंस का, हे तीन-तीनदा विचारणारा माणूस, नोटीस पाठवलीस का, असं एकदाही म्हणाला नाही. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

काल बँकेत गेले. तिथला कॅशियर, आपलं जुनं गिऱ्हाईक, अंगात नवाकोरा करडा कोट. त्याने चष्मा काढला तो आतल्या अस्तराच्या अरुंद खिशातून. तसा खिसा बाबांशिवाय कोणी लावत नाही. मी मनात म्हटलं, सापडला चोर! गॉगलवाला दुकानात आपल्याच पद्धतीने कोट शिवतोय आणि गिऱ्हाईक नाही म्हणून रडतोय. विचारलं, कुठे शिवलात हो? नोटा मोजता मोजता तो चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. म्हणाला, आपल्या... त्यांच्याकडेच की, वहिनी. आणि मान खाली.

मग मी काजं पाहिली. टोकाशी टाके दाटलेले आणि कापडाला बारीक सुरकुती. तू परकराच्या वयाची होतीस तेव्हापासून कानीकपाळी ओरडतेय, टोकाशी दोरा ओढू नकोस गं. अजून ओढतेस.

बाबा दुपारी पाय मोकळे करायला जातात, पिशवी घेऊन. पाय मोकळे करायला पिशवी कशाला लागते, हे मला वर्षभर सुचलं नाही. तुझ्या मागच्या खोलीला हल्ली कुलूप असतं. पाहुण्यांच्या गाद्या आहेत म्हणालीस. गाद्यांना कसलं गं कुलूप?

रिकामे हात त्यांना खायला उठतात, हे मला का कळत नाही? नुसतं शिवलं असतं तर मी भांडून गप्प बसले असते. पण दुसऱ्याला खोटारडा ठरवणाऱ्या कागदावर त्यांनी सही केली आणि तू ती होऊ दिलीस. नोटीस मी पाठवलेली नाही. देव्हाऱ्यात ठेवली आहे. तुम्ही दोघांनी जाऊन गॉगलवाल्याला खरं काय ते सांगायचं. मग त्याने पैसे द्यावेत, कापावेत नाहीतर बुडवावेत. काटकसर मला नवी नाही.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या दुपारी बाबा निघतील तेव्हा पिशवीत टॉवेलखाली सरकवून देईन. पाकिटावर तुझं नाव घातलंय आणि जोडावर माझी सही आहे. फोडलेलं दिसलं तर तेही कळव. संध्याकाळी पाकीट जसंच्या तसं परत आलं, तर नवऱ्यावर आणि लेकीवर नाही तो संशय घेतला म्हणून मी देवापुढे नाक घासीन. खरं सांगू, आज दिवसभर तेच मागतेय त्याच्याकडे. पण तू हे वाचते आहेस, बयो.

तुझीच,
तुला काजं शिकवणारी आई