गुडघा इकडे आहे

चि. धाकटीस,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे, आणि तुझा नवा गुडघा कसा आहे? त्याची मी वेगळी चौकशी केली म्हणून सांग त्याला. इकडे सगळे मजेत. मी तर जरा जास्तच मजेत आहे, का ते सांगते.

माझा उजवा गुडघा कुरकुरतो हे तुला माहीत आहेच, आणि ह्यांचा खांदा वर जात नाही हेही. म्हणून मुलाने घरी येऊन व्यायाम शिकवणारी एक मुलगी बोलावली. (मुलगी गोड आहे, पण दयामाया नाही.) तिने मला खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायला शिकवलं आणि ह्यांना भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला. रोज सकाळ-संध्याकाळ करा म्हणाली आणि गेली. आता तुझे भावजी जन्मभर कारखान्यात मुकादम. दुसऱ्याचं काम दिसलं की त्यांना राहवत नाही. मी पाय उचलला रे उचलला की, "असा नव्हे, असा!" करत समोरच्या खुर्चीत बसून स्वतःच उचलून दाखवायचे. आणि मी तरी कुठे गप्प बसणारी? त्यांची बोटं भिंतीवर जरा चढून थांबली की, "अहो, मुंगीसुद्धा याच्या वर जाते," म्हणत मी माझा हात पार वर नेऊन दाखवायची. महिनाभर हा कारभार चालला. घरात व्यायाम दणकून झाला, फक्त ज्याचा त्याने केला नाही. मुलगी तपासायला आली तर ह्यांचे पाय पंचविशीतल्या पोरासारखे आणि खांदा होता तिथेच. माझा गुडघा तसाच कुरकुरतोय, हात मात्र स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीला पोचतो. ती बिचारी डोक्याला हात लावून बसली. (त्या फळीवर सूनबाईने बिस्किटांचा डबा ठेवला होता, माझ्या साखरेमुळे. ते असो.)

शेवटी मला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी, मुलगा, सूनबाई आणि फोनवर जावई. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडावर लावला आणि सगळे त्या फोटोशीच बोलायला लागले. मुलगा म्हणे, या वयात चिरफाड नको. सूनबाई म्हणे, आता नाही तर कधी? जावई फोनवरून म्हणे, आणखी एका डॉक्टरांना दाखवू. (जावयाचं नेहमीचंच. हॉटेलात जेवायला बसला तरी शेजारच्या हॉटेलची चौकशी करत असतो.) डॉक्टर कधी याच्याकडे बघतायत, कधी तिच्याकडे. मी आपली कान टवकारून बसलेय, की आज माझ्या पायाचं काय ठरतंय. मग मात्र मला राहवेना. मी म्हटलं, "डॉक्टर, गुडघा इकडे आहे."

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?" अगं, लग्न ठरवतानाही मला कुणी हे विचारलं नव्हतं! मी म्हटलं, नातीला बागेत नेते, पण ती सुटली पळत की मला बाकावरून नुसत्या हाका माराव्या लागतात. मला तिच्या मागे जायचंय. पळत नको, चालत. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. काय बिघडू शकतं, किती दिवस दुखेल, आणि नंतर व्यायामाला सुट्टी नाही. आधी साखर ताब्यात आणा, मगच तारीख देतो म्हणाले. मी म्हटलं, करायचं. मुलाने तोंड उघडलं, मी हात वर केला (हात आता चांगलाच वर जातो) आणि तो गप्प बसला.

घरी आल्याबरोबर मी डबा स्वतःच्या हाताने काढून सूनबाईच्या हवाली केला. साखर उतरली, तारीख मिळाली. पुढच्या महिन्यातला पहिला मंगळवार. व्यायाम आता मी आतल्या खोलीत करते, हे बाहेरच्या, मधलं दार बंद. तरी दाराआडून विचारतातच, "उचलला का?"

तुझ्या घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
एक गुडघा सोडून ठणठणीत,
थोरली

ता. क. डबा सूनबाईने आता सगळ्यात खालच्या फळीवर, अगदी आतल्या बाजूला ठेवलाय. तिथवर वाकायला माझा गुडघा वळत नाही. हुशार आहे पोरगी. पण ऑपरेशननंतर वळेल, हे तिच्या लक्षात आलेलं नाही. तू बोलू नकोस.

आणखी एक ता. क. त्या मंगळवारी तू इकडे ये. भावजींच्या जेवणाखाण्याचं बघायला येतेय, असं सगळ्यांना सांग. खरं तर ते माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करतात. तुझ्या वेळी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तुझा हात धरून मी म्हणत होते, "काही होत नाही गं." मला काय डोंबल माहीत होतं तेव्हा! तू मात्र आत जाऊन आलेली आहेस. तू म्हणालीस तर मला पटेल. दारापर्यंतच ये, पुढे मी जाते.