वीज गेल्यावर दार उघडण्याचं पान

६ जानेवारी
मजकुरात एक ओळ वाढवली की चित्र पुढच्या पानावर का पळतं? मला माहीत नाही. पदवी आहे, नोकरी आहे, टेबलावर माझ्या हुद्द्याची पाटी आहे, आणि हे मला सांगता येत नाही. आज साहेबांनीच विचारलं. म्हटलं, 'बघते, सर.' बघितलं. आता तेच चित्र दोन ठिकाणी दिसतं.

काम तसं सरळ आहे. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यासाठी कंपनी नवं मोठं मशीन बनवते आहे, त्याची माहितीपुस्तिका लिहायची. मार्चमध्ये मशीन बाहेर पडेल तेव्हा पुस्तिका पेटीत हवी. ती चांगली झाली तर मी कायम. नाही झाली तर काय, याचा विचार करत नाही. घरातली पहिली पदवीधर आहे मी. नाही झाली तर काय, याचा विचार बाकी सगळे करतात.

९ जानेवारी
वर्ड प्रोसेसर की पब्लिशिंगचं व्यावसायिक सॉफ्टवेअर? निष्पक्ष तुलनेसाठी तक्ता केला. वर्डच्या बाजूने: ऑफिसात सगळ्यांकडे आहे, सगळ्यांना येतं, मला येतं. पब्लिशिंगच्या बाजूने: चित्रं पळत नाहीत. वर्ड फारच पुढे चाललंय असं दिसलं म्हणून 'दर्जा' ही ओळ वाढवली. मग 'भविष्य'. मग दर्जाचे गुण दुप्पट केले. बरोबरी झाली. बरोबरी झाली तर आधुनिक पर्याय निवडायचा, हे माझं तत्त्व आहे. आजपासून.

१० जानेवारी
साहेबांना तक्ता दाखवला. म्हणाले, 'हे सॉफ्टवेअर येतं का तुला?' म्हटलं, 'शिकण्यासारखं आहे, सर.' म्हणाले, 'येतं का विचारतोय.' म्हटलं, 'लवकरच येईल, सर.' कपाळाला हात लावून म्हणाले, 'वेळेत दे बाई, मग पाटीवर लिहून दे हवं तर.'
होकार मिळाला.

१४ जानेवारी
सॉफ्टवेअर आलं. सकाळी उघडलं. मजकूर कुठे टाइप करायचा ते दुपारी सापडलं. शिकवणीचे व्हिडिओ पाहते आहे. शिकवणारे गृहस्थ दर दोन वाक्यांनी 'हे अगदी सोपं आहे' म्हणतात आणि मी दर दोन वाक्यांनी त्यांना थांबवते. प्रगती समाधानकारक.
संकल्प: उद्यापासून रोज चार पानं.

२१ जानेवारी
पानं: अजून नाहीत. पण समास ठरले. समास म्हणजे पुस्तिकेचा श्वास. हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. शीर्षकांचा निळा रंगही ठरला. परवा ठरवला होता त्याहून किंचित गडद. लोक अशा गोष्टींत घाई करतात आणि मग जन्मभर फिकट निळ्याकडे बघत बसतात. पाया पक्का झाला की मजकूर आपोआप बसेल.
संकल्प: रोज सहा पानं. (चारची राहिलेली भरून काढायला.)

२५ जानेवारी, रविवार
बाबांच्या दुकानात बसले होते. बाबा कपडे शिवतात, आणि गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याला हलता येत नाही, याचा फायदा घेतात. आज एका गृहस्थांच्या खांद्याला टेप लावून म्हणाले, 'आमची मोठी पुस्तक लिहिते.' गृहस्थांनी विचारलं, 'वा! कथा की कविता?' बाबा म्हणाले, 'धुण्याचं.' गृहस्थांनी आरशाकडे पाहिलं. बाबा म्हणाले, 'हात वर करा.'
मी म्हटलं, बाबा, पुस्तक नाही, पुस्तिका. बाबा म्हणाले, 'असू दे. छापून येतं ना? मग झालं तर.'
घरी आल्यावर सहा पानांचा विचार केला. गांभीर्याने.

३ फेब्रुवारी
सर्व्हिसचे इंजिनिअर सदा फिरतीवर असतात, म्हणून ऑफिसात त्यांना फिरते काका म्हणतात. मजकुरातल्या तांत्रिक चुका तपासणं त्यांच्याकडे. त्यांना माझी नवी फाईल पाठवली. फोन आला, 'ताई, उघडत नाही हो.' समजावलं की ती उघडायला हेच सॉफ्टवेअर लागतं. म्हणाले, 'मग ते माझ्याकडे नाही.' म्हटलं, पाहण्यापुरती प्रत पाठवते, त्यात बदल करता येणार नाहीत. म्हणाले, 'मग तपासू कशात?' हा प्रश्न जरा मागासलेला वाटला, पण मी तसं म्हटलं नाही.
संध्याकाळी त्यांनी माझी जुनी वर्डची फाईलच लाल दुरुस्त्या करून परत पाठवली. म्हणाले, 'मी आपलं यातच करत जातो. तुम्ही तिकडे उतरवून घ्या.' म्हणजे दोन पुस्तिका झाल्या: एक बरोबर, एक देखणी. शेवटी दोन्ही एक होतीलच.

९ फेब्रुवारी
वाईट दिवस. पायऱ्यांचे क्रमांक. 'पहिली पायरी, दुसरी पायरी' असे जे अंक आपोआप यायला हवेत, ते तीननंतर थेट आठवर जातात. दुरुस्त केलं तर प्रत्येक पायरी पहिली होते. व्हिडिओवाले गृहस्थ म्हणतात हे अगदी सोपं आहे. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन थोडं रडले. धूळ होती.

१० फेब्रुवारी
सुटलं! अंकच काढून टाकले. प्रत्येक पायरीपुढे छोटासा निळा थेंब ठेवला. अंक पाहून माणसावर दडपण येतं, परीक्षा आठवते. थेंब पाहून कुणाला काही आठवत नाही. शिवाय आपलं मशीन पाण्याचंच. ही अडचणीतून काढलेली पळवाट नाही, हा विचारपूर्वक केलेला बदल आहे. कालपासून मनात होताच.

थेंबांमुळे उजवी बाजू रिकामी दिसायला लागली, म्हणून प्रत्येक पान दोन रकान्यांत मांडलं. 'वीज गेल्यावर दार उघडणे' हे पान तर असं बसलंय की दृष्ट लागावी. डाव्या रकान्यात आतलं पाणी बाहेर सोडायचं, निचरा होईपर्यंत थांबायचं, खिडकीतून पाहून खात्री करायची. उजव्या रकान्यात खटका ओढून कुलूप सोडायचं, दार उघडायचं, कपडे बाहेर काढायचे. एकाच पानात सगळं. एका नजरेत.

१८ फेब्रुवारी
पूर्ण! काकांच्या दुरुस्त्या एकेक करून हाताने उतरवल्या. डोळे चुरचुरतात. साहेबांनी पानं शेवटपर्यंत उलटली. मग म्हणाले, 'अगं, हे तर बाहेरून करून आणल्यासारखं दिसतंय.' आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. हिशेबनीस बाई म्हणाल्या, 'हे वाचून मलाच कपडे धुवावेसे वाटतात.' काका म्हणाले, 'थेंब छान आहेत.' मग एक पान उलटून म्हणाले, 'अंक गेले का?' म्हटलं, मुद्दाम. म्हणाले, 'बरं, ताई.'
छपाईला गेली. साहेब म्हणाले, मशीन रवाना झालं की कायम केल्याच्या पत्रावर सही करतो.
घरी सांगितलं. आईने माझ्या पानात जास्तीची पोळी वाढली. धाकटा म्हणाला, 'आता तुला कुणी काढू शकत नाही ना?' म्हटलं, नाही.

१० मार्च
मशीनं पुस्तिकांसकट पेट्यांत बंद झालीत. एकच बाहेर ठेवलंय, ते आज एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चालवून पाहिलं. मी आणि फिरते काका. मशीनवरच्या बाई वीस वर्षं हेच काम करतात. पुस्तिका हातात घेऊन म्हणाल्या, 'कागद किती गुळगुळीत!' मला भरून आलं.

चाचणीचा भाग म्हणून काकांनी मधेच वीज बंद केली आणि म्हणाले, 'आता पुस्तिकेत बघून दार उघडा.' बाईंनी पान काढलं. बोट ठेवून वाचलं. पाणी सोडायची कळ फिरवली. मग खटका ओढला.
मी म्हटलं, अहो थांबा…
पाण्याच्या दाबाने दार धाडकन उघडलं. मशीनच्या पोटातलं साबणाचं गरम पाणी त्यांच्या अंगावर. रबरी बूट होते, पण पाणी बुटांच्या आत गेलं. नडगी लाल झाली. हॉस्पिटलच असल्यामुळे मलम लगेच मिळालं.

बाई स्टुलावर बसून पुस्तिकाच पुसत होत्या. म्हणाल्या, 'लिहिलंय तसंच केलं हो मी. हे केलं, मग हे.' बोट डावीकडच्या पहिल्या थेंबावर. तिथून आडवं उजवीकडच्या पहिल्या थेंबावर.
परतीच्या गाडीत काकांनी पुस्तिका मांडीवर उघडून ठेवली. फाटकाशी उतरताना म्हणाले, 'चाचणीचं पाणी बेताचंच गरम ठेवतात, ताई. रोजचं बेताचं नसतं.'

११ मार्च
शांतपणे विचार केला. रकाने वरून खाली वाचायचे असतात, हे कुणालाही कळतं. वर्तमानपत्र तसंच असतं. बाई घाबरल्या होत्या. वीज गेली होती, उजेड कमी होता. काकांनी आधी सांगायला हवं होतं. वीस वर्षं काम करणाऱ्या माणसाने मुळात पुस्तिका कशाला वाचावी? एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे.
नडगी लाल झाली होती, एवढंच. फोड आला नव्हता. मी नीट पाहिलं. म्हणजे निघताना दारातून पाहिलं.

१२ मार्च
दोष मांडणीचा नाही हे सिद्ध करायला तेच पान घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, सर, फक्त मोठ्याने वाचून दाखवा. साहेबांनी चष्मा लावला. 'पाणी सोडण्याची कळ पूर्ण फिरवा. दाराचा खटका बाहेर ओढा. निचरा होईपर्यंत…' आणि थांबले. पान लांब धरून पाहिलं. जवळ धरून पाहिलं.
'हे असं आहे होय?'
म्हटलं, असं नाहीये, सर. म्हणाले, 'असंच आहे गं.'

मग दार लावून घेतलं आणि म्हणाले, 'हे बघ. छपाई झाली, पेट्या भरल्या, शनिवारी ट्रक लागतोय. एका पानासाठी सगळं उपसत बसलो तर वरचे मला फाडून खातील. अडलं कुणाचं तर सर्व्हिसला फोन करतील. पुढच्या आवृत्तीत बघू. तुझं पत्र टाइप करून ठेवलंय, शनिवारनंतर ये.' आणि हळूच, 'तू गप्प राहिलीस तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.'
व्यवहारी माणूस. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पटवून घेते आहे.

१३ मार्च
सकाळी: सॉफ्टवेअर उघडलं. त्या एका पानाला अंक घालायला बसले. तीननंतर आठ.

दुपारी: चिकटवायच्या चिठ्ठीचा विचार केला: 'कृपया वरून खाली वाचावे.' लिहून पाहिली. वाईट दिसत नाही. मग डोळ्यांपुढे आणलं: वीज गेलेली, मशीन पाण्याने भरलेलं, आणि कुणीतरी ती चिठ्ठी शोधतंय.

संध्याकाळी: बाबांनी विचारलं, पत्र कधी मिळायचं. म्हटलं, शनिवारनंतर. म्हणाले, 'पत्र मिळालं की त्या धुण्याच्या पुस्तकाची एक प्रत दुकानात ठेवीन म्हणतो. गिऱ्हाइकं चाळतील.' मी म्हटलं, बाबा, त्यात एक चूक आहे. म्हणाले, 'चुका सगळ्यांच्या होतात. उसवायचं आणि परत शिवायचं.' मी म्हटलं, कपडा गिऱ्हाइकाने नेला असेल तर? बाही लावायला सुईत दोरा ओवत म्हणाले, 'तर मग जायचं त्याच्या घरी. तोंड लपवून कुठे बसणार?'
त्यांना वाटलं बाह्यांविषयी बोलतोय.

जेवल्यावर फिरत्या काकांनी पाठवलेली शेवटची वर्डची फाईल उघडली. एक रकाना. एकाखाली एक पायऱ्या. एक, दोन, तीन, चार. काही चित्रं भलत्याच पानावर आहेत, समासांना श्वास अजिबात नाही, आणि शीर्षकं इतकी काळी आहेत की कुणी रागावून लिहिल्यासारखी. दाराचं पान आईला वाचायला दिलं. आईने अडखळत, पण क्रमाने वाचलं, आणि शेवटी विचारलं, 'दार उघडताना लांब उभं राहा, असं का नाही लिहिलंस?'
लिहिलं. पाचवी पायरी.

१४ मार्च, शनिवार
वर्डची फाईल छापायला ऑफिसात लवकर गेले. ऑफिसचा प्रिंटर गरम होऊन दोनदा थांबला. पंख्यासमोर धरून परत चालू केला. पिन मारताना बोटाला लागलं. पुस्तिका म्हणवणार नाही, गठ्ठे आहेत.

गोदामात डिस्पॅचच्या बाई होत्या. म्हटलं, पेट्या उघडायच्यात. म्हणाल्या, 'कुणाचा हुकूम?' म्हटलं, पुस्तिका माझी आहे. म्हणाल्या, 'ते विचारलं नाही.' मी नडगीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कटर पुढे केला आणि म्हणाल्या, 'पट्टी आडवी कापा, उभी कापलीत तर परत बसत नाही.' एकेक पेटी उघडली. देखण्या पुस्तिका काढल्या, गठ्ठे ठेवले, परत पट्टी मारली. काढलेल्यांचा ढीग खांद्याइतका झाला. बाईंनी एक उलटून पाहिली आणि म्हणाल्या, 'मागून कोऱ्या असत्या तर हिशेबाला तरी घेतल्या असत्या.'

ड्रायव्हरने पावतीवर सही मागितली. 'बदल केलेला माल' या ओळीपुढे मी माझं नाव लिहिलं, पूर्ण, वाचता येईल असं.

एवढ्या मोठ्या गोष्टीला वरिष्ठांची परवानगी घेतली पाहिजे, हे माझं पहिल्यापासूनचं मत. म्हणून साहेबांना फोन लावला. त्यांनी उचलला तेव्हा ट्रक फाटकाबाहेर पडून वळला होता.